शाळिग्राम व अश्मीभूत प्राणी

आमच्या नगर जिल्ह्यांतील उत्साही विद्यार्थी ओढ्याकांठचे दगड आणून त्यांवरील फांदीसारखी काळी नक्षी दाखवितात व “ही वनस्पति काय?” असें पुसतात. ती वनस्पति नव्हे. मँगनीज धातूचा अंश पाण्याबरोबर भेगेंत झिरपून तशी नक्षी उठते. येथील काळा फत्तर म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा लाव्हारस. त्यांत शंखशिंपले यावयाचे कोठून? दोन थरांमध्यें तळ्याचा गाळ दबलेला असेल तरच आशा. नागपूरजवळ टाकळी येथें पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांस १८५१ च्या सुमारास तशा गाळांत गोगलगाईंचे शंख व फळेंबिया मिळालीं.

समुद्रांतील प्राणी पाहावयाचा तर देवघरांतच जावें. गंडकीच्या पुष्कळ शाळिग्रामांतील चक्र हें अ‍ॅमोनाइट नामक प्राण्याचें कवच होय. हिमालयाच्या जागीं टेथिस समुद्र होता तेव्हांचें. हा प्राणी आमच्या फत्तराच्याच काळीं निर्वंश झाला. हें ऐकून एका घरीं थोरला नातू पूजेंतील शाळिग्राम फोडावयास निघाला. आजींनीं अन्न वर्ज्य केलें. आमच्या मतें आजींचेंच बरोबर. शास्त्रासहि अखंड नमुनाच प्रिय. भिंग घेऊन शाळिग्रामाच्या मुखांतून पाहावें, कवचाचे कप्पे मोजावे. आणि तेंहि सोंवळ्यांत, आजींच्या देखत.