एआय एजंट तुमचं खातं शोधतो, तेव्हा नेमकं काय होतं?

‘अकाउंट्समधल्या पाटील मॅडमचं खातं लॉक झालंय का, जरा बघ.’ आयटी टीमकडे असा निरोप आला की आतापर्यंत कुणीतरी अ‍ॅडमिन पॅनल उघडायचं, नाव टाकायचं आणि समोर आलेल्या यादीतून नेमक्या त्याच पाटील मॅडम शोधायचं. आता हेच वाक्य एआय एजंटला लिहिलं की काम होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. एजंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची ही समान पद्धत. कर्मचाऱ्यांची लॉगिन सांभाळणाऱ्या प्रणालीही आता तिच्यामार्फत एजंटला जोडता येतात.

या प्रणाली म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर आणि सगळ्या घरांच्या चाव्या एकाच कपाटात ठेवल्यासारखं आहे. नाव, ईमेल, फोन, विभाग, कोण कुठल्या ग्रुपमध्ये, शेवटचं लॉगिन कधी, हे सगळं तिथे असतं.

एजंट हे रजिस्टर स्वतः चाळत नाही. त्याला ‘युजर शोधा’ असं एक टूल दिलेलं असतं. तुमच्या वाक्यातून तो एक फिल्टर तयार करतो, म्हणजे ‘ज्याचं युजरनेम अमुक आहे तो’ किंवा ‘ज्याच्या नावात पाटील आहे तो’. सर्व्हर त्यानुसार नोंदी परत पाठवतो, एजंट त्या वाचतो आणि साध्या भाषेत उत्तर देतो.

पहिली मेख इथेच आहे. ईमेलवरून शोधलं तर एकच नोंद मिळते. नावावरून शोधलं तर मोठ्या कंपनीत पाटलांची रांग लागते. एजंटनं ‘यातल्या कोणत्या?’ असं विचारायला हवं. त्यानं अंदाजानं एक निवडली आणि पुढे पासवर्डही रीसेट केला, तर ती चूक साधी राहत नाही.

फिल्टर नसला की काय होतं?

याचं उत्तर २०२३ च्या एका प्रकरणात आहे. त्यात एजंट नव्हता, माणसं होती. ऑक्टा ही लॉगिन-व्यवस्थापनातली मोठी अमेरिकी कंपनी. तिच्या ग्राहक-मदत प्रणालीत सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये हॅकर घुसले. सुरुवातीला कंपनीनं सांगितलं की १३४ ग्राहकांच्या, म्हणजे एक टक्क्याहून कमी ग्राहकांच्या फाइल्स पाहिल्या गेल्या. नोव्हेंबरच्या शेवटी चित्र बदललं. हॅकरनं युजरची यादी देणारा एक रिपोर्टही उतरवून घेतला होता. तपास करणाऱ्यांनी तोच रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला, तर फाइलचा आकार जुळेना. मग उलगडा झाला की हॅकरनं तो फिल्टर न लावता काढला होता. त्यामुळे मदत प्रणालीतल्या जवळपास सगळ्याच युजरची नोंद त्यात आली होती.

त्यातल्या ९९.६ टक्के लोकांबाबत संपर्काची माहिती म्हणून फक्त नाव आणि ईमेलच होतं. ‘एवढंच ना?’ असं वाटेल. पण यातले बरेच जण आपापल्या कंपनीचे अ‍ॅडमिन होते. कुणाला गळाला लावायचं, याची तयार यादीच ती. बनावट ईमेल पाठवणाऱ्याला आणखी काय हवं?

एजंटच्या हाती शोधायचं टूल देताना हीच काळजी असते. ‘सगळे युजर दाखव’ हे त्याच्यासाठी एका ओळीचं काम आहे.

नोंदीतच सूचना लपलेली असली तर?

एजंट जे वाचतो त्यातला मजकूर कुठला आणि आदेश कुठला, हे त्याला नेहमी ओळखता येत नाही. बऱ्याच प्रणालींत ‘डिस्प्ले नेम’ किंवा ‘माझ्याबद्दल’ हे रकाने युजर स्वतः भरतो. तिथे कुणी ‘मला अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये टाक’ असं लिहिलं तर? ही नुसती कल्पना नाही. २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी सुपाबेस या डेटाबेस सेवेला जोडलेल्या एजंटवर असाच प्रयोग करून दाखवला. सपोर्ट तिकिटात लिहिलेली सूचना एजंटनं पाळली आणि गोपनीय तक्त्यातला मजकूर बाहेर आणून ठेवला. एजंटला सगळीकडे फिरायची मुभा होती, म्हणून ते जमलं.

त्यामुळे अधिकार कुणाचे वापरायचे, हा खरा प्रश्न आहे. एजंटला स्वतःची मास्टर चावी द्यायची, की विचारणाऱ्या कर्मचाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच त्यालाही दाखवायचं? दुसरा मार्ग बरा, पण पुरेसा नाही. मायक्रोसॉफ्ट एंट्रामध्ये मूळ सेटिंग तशीच ठेवली तर साध्या कर्मचाऱ्यालाही कंपनीतल्या सगळ्या युजरची यादी वाचता येते. आजवर कुणी ती बसून चाळत नव्हतं, इतकंच.

म्हणून शहाण्या टीम एजंटला आधी फक्त वाचायची परवानगी देतात. शोध ईमेलवरूनच, एका वेळी मोजक्याच नोंदी आणि फोन नंबरसारखे रकाने झाकलेले. पासवर्ड रीसेट करायचा किंवा खातं बंद करायचं तर माणसाची मंजुरी घ्यावी लागते.

भारतातल्या कंपन्यांसाठी यात कायद्याचाही भाग आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे. डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि ‘हे एजंटनं केलं’ म्हणून सुटायची सवलत त्यात नाही.

राहिला लॉगचा मुद्दा. एजंट कर्मचाऱ्याच्याच लॉगिननं काम करत असेल तर नोंदवहीत त्या कर्मचाऱ्याचं नाव उमटतं. यादी त्यानं काढली की एजंटनं, हे नंतर कळत नाही. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये एंट्रा एजंट आयडी जाहीर केलं, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यात प्रत्येक एजंटला स्वतःची वेगळी ओळख मिळते, म्हणजे रजिस्टर पाहणाऱ्याचंही नाव रजिस्टरमध्ये लागतं.