धुमसता विस्तव

लठ्ठपणा हा थट्टेचा विषय नव्हे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अतिरिक्त मेदाचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. ऋतुनिवृत्तीनंतर होणारा स्तनाचा कर्करोग त्यांपैकीच एक. मेदपेशी फुगून मरू लागल्या की शरीराच्या रक्षकपेशी त्यांच्याभोवती कडे करतात. त्या ठिकाणी मंद दाह धुमसत राहतो आणि मेदातच इस्ट्रोजेन हे संप्रेरक अधिक तयार होऊ लागते. स्तनाच्या पुष्कळ गाठी त्यावरच पोसतात.

अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको आदी ठिकाणी मूळ असलेल्या, स्त्रियांना याची झळ विशेष लागते. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत त्यांच्यापैकी ४३.७ टक्के प्रौढ स्त्रिया लठ्ठ आढळल्या. स्तनाचा कर्करोग त्यांना गोऱ्या स्त्रियांहून कमी प्रमाणात होतो. तरीही कर्करोगाने होणाऱ्या त्यांच्या मृत्यूंत तोच अग्रभागी आहे. याचे एक मोठे कारण उशिरा होणारे निदान. विम्यावाचून वैद्याची पायरी चढणे तेथे गरिबाला परवडत नाही. संशोधनही दीर्घकाळ मुख्यत्वे गोऱ्या स्त्रियांवरच झाले. अशा स्थितीत सारा दोष त्या स्त्रीच्या ताटावर ढकलणे हा शुद्ध अन्याय होय, असे आम्हांस वाटते.

भारतीय स्त्रियांतही आज स्तनाचाच कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि संकोचापायी गाठ लपविणाऱ्या आया-बहिणी आपल्याकडेही थोड्या नाहीत. तपासणी त्यांच्या दारापर्यंत नेणे हे शासनाचे कर्तव्य. त्यांना मोकळेपणाने बोलता येईल असे घर ठेवणे हे आपले.