मनुष्यबळाचा अभ्यास आणि आपण

एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला मी मनुष्यबळ व्यवस्थापन हा विशेष विषय घेतला, तेव्हा वर्गातली एक मैत्रीण सरळ म्हणाली, "म्हणजे तू मालकाच्या बाजूला गेलीस." पुढे मी कारखान्यात गेलेच नाही, वस्तीत कामाला लागले. पण आजही बैठकीत हा विषय निघाला की आपल्यातल्या अनेकजणी नाक मुरडतात. हे नाक मुरडणे आपल्याला महागात पडते आहे, असे माझे मत आहे.

मुळात विषय आपल्याच घरातला. १९३६ साली मुंबईत समाजकार्याची शाळा निघाली, तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४९व्या कलमाने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले आणि समाजकार्य शिकलेल्यांना ते दार उघडले. मग 'कामगार कल्याण'चे 'कर्मचारी व्यवस्थापन' झाले, त्याचे 'मनुष्यबळ'. नावातून आधी कल्याण गेले, मग कामगारही गेला.

नेतृत्वकौशल्याचा पेपर तर मजेशीरच. मॅस्लोची गरजांची उतरंड आम्ही पाठ केली: आधी अन्न, निवारा, सुरक्षितता, मग सन्मान वगैरे. वस्तीतल्या बाया रोजंदारी बुडवून मोर्चाला येतात, त्या यातल्या कितव्या पायरीवर, हे काही परीक्षेत विचारले नाही. नेत्यांची उदाहरणे सगळी कंपन्यांच्या प्रमुखांची. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या; मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचे ते संघटनकौशल्य आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. नेतृत्व म्हणजे एका माणसाच्या अंगचा गुण, एवढेच आम्ही शिकलो.

तरीही हा अभ्यास केला याचा मला पश्चात्ताप नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते आणि तिच्यात बाहेरची एक सदस्य. ही सदस्य बहुधा आपल्यासारख्या संस्थांतूनच जाते. तिला नेमतो मालक, मानधनही त्याचेच. मी अशा समितीवर बसते. प्रकरणाचे तपशील सांगता येत नाहीत, कायद्यानेच गुप्तता आहे. पण कोणता कागद मागायचा हे मला कळते. बदलीचा आदेश तक्रारीच्या आधीचा की नंतरचा? 'काम असमाधानकारक' हा शेरा नेमका कधीपासून सुरू झाला? हजेरीपट, वैयक्तिक फाईल, कारणे दाखवा नोटीस यांची भाषा आली नाही, तर आपण तिथे नुसती सही करायला बसतो. घोषणा देता येतात तसे हेही यायला हवे.

आता थोडे घरातले बोलते. माझ्या पहिल्या संस्थेत आम्ही सातजणी होतो. बाळंतपणाची रजा मागितली, तर ताई म्हणाल्या, "आपण चळवळीत आहोत, नोकरीत नाही." नेमणूकपत्र नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता. मी तीन महिने बिनपगारी राहिले आणि गप्प बसले, कारण मलाही ते थोडे पटले होते! सरकार अंगणवाडी सेविकेला 'मानसेवी' म्हणते, तेव्हा आपण चिडतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असे सांगितले, तेव्हा आपण पेढे वाटले. मग आपल्या 'कार्यकर्ती' या शब्दाचे काय? तोही शब्द त्याच कामाला येत नाही ना?

आमच्या आताच्या संस्थेत मी नियमावलीचा मसुदा मांडला आहे: नेमणूकपत्र, रजा, पगाराची श्रेणी, कार्यकर्तीची समन्वयकाविरुद्धची तक्रार कुणी ऐकायची. तीन बैठका झाल्या. रजेचे कलम मंजूर झाले. तक्रारीच्या कलमावर अजून वाद चालू आहे, आणि सर्वांत जास्त विरोध आम्हा जुन्याजाणत्यांचाच आहे.