पिशव्यांपाशी कोण बसणार?



१९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. १९९८ साली शेजारीच वॉटर किंगडम आले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका. सुट्टी म्हटली की थीम पार्क, हे मध्यमवर्गीय घरांत रुळले. अशा कोणत्याही पार्कमध्ये जरा बाकांकडे पाहा. चपला, पिशव्या, ओले टॉवेल आणि सगळ्यांचे मोबाइल सांभाळत बाई बसलेली असते. मुले पाळण्यात, मुलांचे बाबाही पाळण्यात. हिचे तिकीट मात्र मोठ्यांच्याच दराचे!

"तिला हे आवडतच नाही," असे घरचे सांगतात. हे आम्हांला मान्य नाही. नागपंचमीला झोका उंच चढवणारी, मंगळागौरीला रात्र जागवून फुगडी-झिम्मा खेळणारी बाई कोणी वेगळी होती काय? फरक एवढाच की त्या खेळाला सणाची आणि व्रताची परवानगी होती. मंगळागौर तर सवाष्णीपुरतीच. विधवेला तिथे जागा नव्हती. म्हणजे बाईने खेळायचे ते सौभाग्याच्या नावाने. स्वतःच्या मजेसाठी खेळली की "या वयात शोभते का?" चाळिशीचा पुरुष रोलर कोस्टरवर ओरडला तर तो मात्र हौशी!

पाण्यात उतरायचे तर साडी चालत नाही, नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्यावा लागतो. तो सासरच्या माणसांसमोर घालायचा कसा, ही एक धास्ती. गर्दीत अंगाला लागणाऱ्या हातांची दुसरी. मग "यापेक्षा बाकावर बसलेले बरे" असे ती म्हणते. याला आवड म्हणत नाहीत, कोंडी म्हणतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. घरातल्या बाईचा रविवार अजून यायचाच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. मुलांची, आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. आणि सहलीला गेले तरी ही देखभाल सुटत नाही. फक्त स्वयंपाकघराऐवजी बाक येतो.

आपल्यातल्याच काही जणी विचारतील, हिंसा, हुंडा, पाणी, रेशन हे प्रश्न उभे असताना पाळण्याचे कसले लाड? पण हिंसेविरुद्ध आपण लढतो ते बाईने नुसते जिवंत राहावे एवढ्यासाठी का? तिला माणसासारखे जगता यावे म्हणून लढतो, आणि हसणे-खेळणे हा त्या जगण्याचाच भाग आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हेच मांडले: मुंबईच्या रस्त्यांवर, बागांत बाईला काही कामाशिवाय, निव्वळ आनंदासाठी वावरण्याचा हक्क हवा.

घरकाम करणाऱ्या मैत्रिणीला या पार्कचे तिकीट परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आपली मागणी कंपन्यांच्या फाटकापाशी थांबत नाही. नगरपालिकेच्या बागेत झोक्यापाशी पाटी असते: फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी. मोठ्या बाईचा झोका कुठे आहे? १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीचे तिकीट बायकांना अर्धे झाले. तरी बचत गटाची सहल निघते ती बहुतेक देवदर्शनालाच. देवाच्या नावाने निघालेल्या बाईला कोणी अडवत नाही. मजेला निघालेलीला मात्र दहा प्रश्न.

तेव्हा आपल्या वस्तीच्या बागेत मोठ्यांसाठी मजबूत झोके, स्वच्छ संडास आणि संध्याकाळी दिवे यांची मागणी घेऊन वॉर्ड ऑफिसवर जाऊ या. गटाची एक तरी सहल देवाशिवाय, नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय काढू या. त्या दिवशी मुले कोण सांभाळणार, असे घरात कोणी विचारले, तर उत्तर सोपे आहे: त्यांचा बाप.