कंई नहीं थाय, मासी!

बडोद्याला औषधं नवी नाहीत. गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली इथे अलेम्बिक उभं केलं. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये याच शहरात काढलेली ओआरजी ही संस्था पुढे देशभरातल्या औषधदुकानांतला खप मोजू लागली. गोळी बनते कशी नि खपते किती, याचा हिशेब बडोद्याने चोख ठेवला. गिळल्यावर तिचं काय होतं, हे मात्र इथल्या शिकल्यासवरल्या घरांतही कोणी विचारत नाही.

दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याचंच घ्या. बीपीसाठी टेल्मिसार्टन, पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन. हे सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक मात्र तिने परस्पर काउंटरवरून आणायला सुरुवात केली. चिठ्ठीवाचून ते विकायला कायद्याने मनाई आहे. दुकानदाराने पट्टीला अशी कात्री लावली की चार गोळ्या आत्याकडे आल्या आणि मुदतीची तारीख त्याच्याकडे राहिली. मी हटकलं, तर म्हणाला, "कंई नहीं थाय, मासी." विचारलं मी, उत्तर आत्याला!

होतं ते असं. आतड्यातून शोषलेलं डायक्लोफेनॅक आधी यकृताच्या तावडीत सापडतं आणि जवळपास निम्मं तिथेच मोडीत निघतं. उरलेलं रक्तात उतरतं, दोनेक तासांत अर्ध्यावर येतं, बराचसा चुरा लघवीवाटे जातो. पण जाण्याआधी ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतं. ठणका थांबतो तो त्यामुळेच. मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त आणणारी वाट उघडी ठेवायचं कामही याच प्रोस्टाग्लँडिनकडे असतं, विशेषतः म्हातारपणी. आता आत्याचं बघा. टेल्मिसार्टनने गाळणीतून बाहेर पडणारी वाट सैल केलेली, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी घटवलेलं, आणि वरून या डायक्लोफेनॅकने आत येणारी वाट आवळली. गाळणीतला दाबच पडतो. मेटफॉर्मिनला तर यकृत हातही लावत नाही. ते जसंच्या तसं मूत्रपिंडातूनच बाहेर पडायचं असतं. दारच अडलं की ते अंगात साठत जातं. आत्याचं क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा घरात खापर फुटलं वयावर, उन्हाळ्यावर आणि शेव-उसळीवर.

ज्यांना हे अतिरंजित वाटत असेल, त्यांनी आकाशात एखादं गिधाड शोधून दाखवावं. डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांच्या आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचे पांढरे थर चढले. २००६ साली गुरांसाठी ते बंद झालं. मग आलं ॲसेक्लोफेनॅक, ज्याचं गाईच्या शरीरात पुन्हा डायक्लोफेनॅकच होतं! त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं.

गिधाडांसाठी निदान कायदा हलला. आत्यासाठी तो आधीपासूनच आहे, म्हणून कोणी हलत नाही. डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी खरडतात, "आणखी काय घेता?" एवढंही विचारत नाहीत. बीपीची कुठली गोळी चालू आहे, क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, हे विचारायला काउंटरमागे नोंदणीकृत फार्मासिस्ट असायला हवा. त्या दुकानात त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, काचेच्या फ्रेममध्ये. तो स्वतः कुठे असतो, असं विचारलं, तर दुकानदाराला सांगता आलं नाही.