‘हत्या’ हा शब्द आपला नव्हे



तालुक्याच्या एका शाळेत ‘लेक वाचवा’चा कार्यक्रम होता. भिंतीवर मुलींनी काढलेली चित्रं – पोटातलं बाळ, त्याच्यावर रोखलेली कात्री, खाली ‘आई, मला मारू नकोस’. मीही टाळ्या वाजवल्या. निघताना चपला शोधत होते तर एक बाई हळूच जवळ आली. दोन मुलगे पदरात, तांबी बसवलेली असताना दिवस गेले, दुसऱ्या महिन्यात दवाखान्यात जाऊन पिशवी साफ करून आली होती. म्हणाली, “ताई, मग मीपण मारलंच की हो?”

मी गडबडले. कारण ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द मी स्वतः किती मोर्चांत ओरडले आहे!

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेविरुद्ध बायका उभ्या राहिल्या, म्हणून १९८८ साली देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. मग १९९४चा केंद्राचा कायदा, २००३ साली त्यात दुरुस्ती. या कायद्यात गुन्हा आहे तो लिंग निवडण्याचा, तपासण्याचा, सांगण्याचा. गर्भपात त्यात गुन्हा नाही. त्याला १९७१चा वेगळा कायदा आहे. शिवाय बाईने चाचणी केली तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं हा कायदा आधी गृहीत धरतो. आपलं पोस्टर मात्र थेट आईलाच खुनी ठरवतं. कायद्याला कळलं ते आपल्या चित्राला कळू नये?

परिणामही दिसले. २०१२ नंतर महाराष्ट्रात गर्भपाताच्या गोळ्यांवर इतकी कडक नजर ठेवली गेली की अनेक औषधवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतल्या. तेवढ्यात सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतच नाही. म्हणजे वाचली कोण? अडली मात्र ती तांबीवाली.

आता कुणी विचारेल, जीव सुरू कधी होतो ते सांगा. मला वाटतं, असा एक क्षण नाहीच. बीज आणि शुक्राणूही जिवंतच असतात. आठ आठवड्यांचा गर्भ आणि सव्वीस आठवड्यांचा गर्भ सारखे नाहीत, हे मी नाकारत नाही. कायदाही टप्पे मानतो – २०२१च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे चोवीसपर्यंत काही बायकांसाठी दोघांचं. पण गर्भ कुणाच्या तरी पोटात असतो, आणि वाद घालताना तीच नेमकी विसरली जाते. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेली दोन मुलांची आई आठवा. अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, दिवस गेल्याचं कळलंच नाही, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू. न्यायालयाने आधी परवानगी दिली, मग गर्भ जगू शकेल असं डॉक्टरांनी कळवल्यावर १६ ऑक्टोबरला नाकारली. तेव्हा तिची अवस्था किती जणांनी विचारात घेतली?

आणि एक गोष्ट मला टोचते, ती लपवत नाही. मुलगी म्हणून नको, हे आपल्याला चालत नाही. मग व्यंग आहे म्हणून नको, हे कसं चालतं? गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. अपंग मैत्रिणी हे विचारतात तेव्हा मी त्या आईची दमछाक, सरकारची पाठ फिरवणं, सगळं सांगते. पण हेच युक्तिवाद हुंड्याच्या भीतीने मुलगी नाकारणाराही करतो, हे बोलता बोलता माझ्याच ध्यानात येतं. पुढच्या शिबिरात यावर एक पूर्ण दुपार ठेवावी, आणि सुरुवात त्यांनीच करावी.

त्या बाईला मी सांगितलं, “नाही गं, तू कुणाला मारलं नाहीस. कायद्यानेही ते तुझ्या हक्काचं होतं.” तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. समोर भिंतीवर चित्र होतंच. पुढच्या कार्यक्रमाचं पत्रक छापायला जायचं आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ खोडून मी तिथे ‘गर्भलिंगनिदान बंद करा’ लिहिलं आहे. घोषणेला ठेका कमी पडतो, खरं. कुणाला बरा सुचला तर कळवा.