अंगठा घेण्याआधी वकील द्या!

ॲडव्होकेटच्या काळ्या कोटात वीस वर्षे काढली. पण एका आईसमोर मी निरुत्तर झालो. ऊसतोडीला जाणारी बाई. नवरा सोडून गेलेला, डोक्यावर मुकादमाची उचल. ‘हंगामापुरते बाळ सांभाळतील’ एवढेच समजून तिने कागदावर अंगठा दिला. तो मूल कायमचे सोडून देत असल्याचा दस्त होता. ती माझ्या कचेरीत आली तेव्हा फेरविचाराची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. “वकीलसाहेब, मला कुणी सांगितलंच नाही,” एवढेच ती म्हणत राहिली.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ३५ सांगते की, असा दस्त बाल कल्याण समितीसमोरच व्हावा, आधी चौकशी व समुपदेशन व्हावे आणि आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने मिळावेत. तरतूद चांगली आहे. पण त्या आईच्या बाजूने वकील उभा असलाच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही. पाकीटमाराला अटक झाली तर घटनेचे कलम २२ त्याला वकिलाचा हक्क देते. मग पोटचे मूल गमावणारी आई एकटी का?

२०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे गेला. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. त्यावर अपील करायचे तर तीस दिवसांत, विभागीय आयुक्तांकडे! निरक्षर बाईने हे कसे करावे? आणि ज्याचे आयुष्य ठरते आहे, त्या मुलाचे म्हणणे कोण मांडणार?

दत्तकाला आमचा विरोध नाही. अनाथ बाळाला घर मिळालेच पाहिजे. परंतु गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे!

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणून मागणी साधी आहे : वकिलाने तिच्या बोलीत दस्त समजावल्याशिवाय अंगठा घेऊ नये, आधी बालसंगोपन योजनेची माहिती द्यावी, मुलासाठी स्वतंत्र वकील नेमावा.

बाबासाहेबांनी परळच्या कचेरीत गोरगरिबांची गाऱ्हाणी ऐकली. आपल्या तरुण वकिलांनी महिन्यातला एक दिवस बाल कल्याण समितीच्या दारात उभे राहावे. नऊ दिवस उशीर पुन्हा कोणत्याही आईला होता कामा नये.